एकाच डोळ्याला सकाळी धुकं आणि सरकलेली बाहुली: आइस सिंड्रोमचा कुणाला अनुभव आहे का?

हरिपूरची_लेक | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण या आजारावर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतेय. सविस्तर लिहिते. मला जे कळायला दोन वर्षं गेली ते कुणाला तरी दोन महिन्यांत कळावं एवढीच इच्छा.

मी सांगलीत राहते, वय ४१, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी पहाटे देवापुढे निरांजन लावलं की ज्योतीभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. आधी वाटलं झोप नीट झाली नसेल. मग एकदा सहज डावा डोळा झाकून बघितलं, तर उजव्यानं सगळं धुरकट. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना, तसं. डबे भरून, आवरून शाळेत पोचेपर्यंत साडेदहा व्हायचे आणि तोवर फळ्यावरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ. दुखणं नाही, लाली नाही, पाणी येणं नाही.

डॉक्टरांकडे जायची सवड शाळा सुटल्यावरच. संध्याकाळी सहाला डोळा अगदी ठणठणीत. एका ठिकाणी चष्म्याचा नंबर बदलून मिळाला, दुसरीकडे कोरडेपणाचे थेंब. दोघांनीही आपुलकीनं तपासलं, पण त्यांना दिसत होता तो संध्याकाळचा डोळा. सकाळचा डोळा कुणी बघितलाच नव्हता, आणि तो दाखवायला हवा हे मलाही सुचलं नव्हतं.

खरी शंका आली फोटो स्टुडिओत. शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला. तिथला मुलगा कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करून डाग पुसत होता. तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, उजव्या डोळ्याला काही लागलंय का? बाहुली मधोमध नाहीये." मी वाकून बघितलं. बाहुली नाकाच्या बाजूला, किंचित वर सरकलेली, आणि गोल नव्हती. आंब्याची कैरी असते तसा आकार. घरी येऊन लग्नाचा अल्बम काढला, २००९ चा. त्यात दोन्ही बाहुल्या गोल, दोन्ही मधोमध. मधल्या वर्षांचे फोटो लावत गेले तेव्हा दिसलं, ती साधारण तीन वर्षांपासून हळूहळू सरकत होती. रोज आरशात बघून कुंकू लावते मी, पण कधी लक्षात आलं नाही.

आता निदान झालंय: इरिडोकॉर्नियल एन्डोथेलियल सिंड्रोम, थोडक्यात आइस सिंड्रोम. उजव्या डोळ्याचा दाब ३०, डाव्याचा १५. निदान कसं झालं ते उद्या लिहिते, आत्ता पेपर तपासायचेत. इथे कुणाला हा आजार आहे का? कुणाच्या घरात?

वारणाकाठ | १४ जून, रात्री १०:३५

ताई, नाव पहिल्यांदाच ऐकलं. काळजी घ्या. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

तासगावचा_मळा | १५ जून, सकाळी ६:१०

ताई लै महत्त्वाचं लिहिलंय. आमच्या थोरल्या वहिनीची एका डोळ्याची बाहुली अशीच वाकडी हाय. आम्ही सगळी म्हणायचो द्राक्षावर फवारताना औषध गेलं असंल. दाखवलं न्हाई कधी, दुखत न्हाई म्हणून. आता फोटो काढून बघतो.

हरिपूरची_लेक | १५ जून, रात्री ८:१५

मळेवाले दादा, वहिनींना नक्की दाखवा. पण बाहुली वाकडी होण्याची कारणं बरीच असतात म्हणे, तेव्हा माझं वाचून घाबरू नका.

आता निदानाचं. फोटो घेऊन मी मिरजेच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सकाळच्या धुक्याबद्दल ऐकलं आणि तपासण्याआधी एकच सांगितलं: "उद्या उठल्यावर थेट या. साडेसातला बघतो. आणि येईपर्यंत उजवा डोळा उघडू नका." मी रात्री मिरजेलाच मावसबहिणीकडे राहिले. सकाळी उजव्या डोळ्यावर रुमालाची घडी धरून रिक्षात बसले. रुमाल काढला तो थेट यंत्रापुढे हनुवटी टेकवल्यावरच.

स्लिट लॅम्पच्या उजेडाच्या बारीक चिरेतून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग शिकाऊ डॉक्टरला बोलावून म्हणाले, "बघ, कॉर्नियाची आतली बाजू. मठारलेलं भांडं दिसतंय का?" आमच्या माहेरी मठारलेलं तांब्याचं घंगाळ आहे. त्यावर हातोडीच्या ठोक्यांची ती बारीक बारीक चमक असते ना, ती डोळ्यासमोर आली आणि मला कसंसंच झालं. पण खरं सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की कुणाला तरी दिसलं.

त्यानंतर दाब मोजला. मग सुन्न करायचा थेंब घालून डोळ्यावर आरसे असलेलं एक भिंग टेकवलं. त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. दुखत नाही, नुसता दाब जाणवतो. शेवटी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी, म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या पेशींचा फोटो. डाव्या डोळ्याच्या पेशी मधमाशीच्या पोळ्यासारख्या सुबक, मोजणी २७०० च्या आसपास. उजव्या डोळ्यात यंत्राला पेशी मोजताच येईनात. फोटोत काळ्या गोळ्या आणि भोवती पांढऱ्या कडा. डॉक्टर म्हणाले, निरोगी डोळ्यात उलटं दिसतं, पेशी उजळ आणि कडा काळ्या.

चष्मेवाला_हरभटरोड | १५ जून, रात्री ९:०५

ताई, मी बावीस वर्षं चष्म्याच्या धंद्यात आहे. एका डोळ्याला धूसर दिसतंय म्हणून रोज माणसं येतात. "सकाळी जास्त की दिवसभर सारखंच?" हे मी आजवर एकालाही विचारलेलं नाही. उद्यापासून विचारणार.

दृष्टिपटल | १५ जून, रात्री ११:२०

मी नेत्रतज्ज्ञ आहे, कराडला असतो. इथे कुणाचं निदान करत नाही, ते यंत्रापुढेच होतं. पण धागा चांगला चाललाय म्हणून आजार समजावून सांगतो.

पारपटल म्हणजे कॉर्निया, डोळ्यासमोरची पारदर्शक काच समजा. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम. या पेशींचं काम काचेत मुरणारं पाणी सतत उपसून बाहेर टाकणं. आइस सिंड्रोममध्ये हा थर बिघडतो. उपसा कमी पडतो आणि काच फुगते. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्यामुळे वरून बाष्पीभवन होत नाही, म्हणून सकाळी सूज सगळ्यात जास्त. दिवसभर डोळा उघडा राहिला की अश्रूंमधलं पाणी उडतं, काचेतलं ओढलं जातं आणि धुकं विरतं. ताईंच्या डॉक्टरांनी डोळा मिटून बोलावलं ते यासाठीच. फार आवडलं मला ते.

दुसरा भाग बुबुळाच्या रंगीत पडद्याचा, आयरिसचा. या बिघडलेल्या पेशी आपली जागा सोडून सरकायला लागतात. कॉर्निया आणि आयरिस जिथे मिळतात त्या कोपऱ्यात डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जाळी असते. पेशी त्या जाळीवरून आयरिसवर पसरतात आणि पाठीमागे पातळ पापुद्रा सोडत जातात. खळ वाळली की कागद आक्रसतो, तसा तो पापुद्रा आक्रसतो. ज्या बाजूला ओढ, त्या बाजूला बाहुली सरकते. विरुद्ध बाजूचा पडदा ताणून विरळ होतो, काहींच्या पडद्याला भोकंही पडतात. कोपरा चिकटत गेला की पाण्याची वाट बंद, दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढेमागे काचबिंदू होतो, म्हणून दाबावर नजर ठेवणं हाच उपचाराचा कणा.

पापुद्र्याचा हा सिद्धान्त डेव्हिड कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडला. त्याआधी हे तीन वेगळे आजार समजले जायचे. पडद्याला भोकं पडणारी ती आयरिसची झीज. कॉर्नियाची सूज ठळक आणि आयरिसचा बदल सौम्य असा प्रकार बोस्टनच्या पॉल चँडलर यांनी १९५६ मध्ये लिहिला, तो चँडलर सिंड्रोम. आयरिसवर तिळासारख्या गाठी दिसणारा प्रकार कोगन आणि रीस यांनी १९६९ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये यानॉफ यांनी तिन्ही एकाच छत्राखाली आणून आजचं नाव दिलं. तिसऱ्या प्रकारात एक धोका वेगळाच: गाठी बघून आयरिसच्या कर्करोगाची शंका येते. तिथे स्पेक्युलर फोटो फार कामाला येतो.

कारण अजून पक्कं नाही. १९९४ मध्ये अल्वाराडो आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या कॉर्नियात हर्पीस विषाणूचा अंश सापडला होता, त्यामुळे विषाणूवर संशय आहे.

साताऱ्याची_सून | १६ जून, सकाळी ११:४०

दृष्टिपटल, एक विचारते. माझी मुलगी २४ वर्षांची आहे. तिला होईल का? मला हा आजार १९९६ पासून आहे. आधी हे विचारते, मग माझं सगळं लिहिते.

दृष्टिपटल | १६ जून, दुपारी २:१५

काकू, निश्चिंत राहा. हा आजार आनुवंशिक नाही असंच मानलं जातं. बहुतेकदा एकाच डोळ्याला, बायकांना जास्त, आणि साधारण विशी ते पन्नाशीत. आनुवंशिक ते दुसरे आजार. अ‍ॅक्सनफेल्ड-रीगरमध्येही बाहुली सरकलेली असते, पण तो जन्मापासूनचा आणि दोन्ही डोळ्यांत, बऱ्याचदा दातांची ठेवणही वेगळी असते. आणखी एक कॉर्नियाचा आनुवंशिक आजार यासारखा दिसतो, तोही बहुतेक दोन्ही डोळ्यांत. म्हणून निदान करताना चांगला डोळाही तितकाच बारकाईनं बघावा लागतो, आणि जुने फोटो मागावे लागतात. लग्नाचा अल्बम ही उत्तम तपासणी आहे.

निसर्गमित्र६२ | १६ जून, संध्याकाळी ५:३०

माझ्या मते मध आणि गुलाबपाण्याचे थेंब, रोज सकाळी त्राटक. डोळ्याचे सगळे विकार जातात. अनुभव घेऊन बघा.

दृष्टिपटल | १६ जून, संध्याकाळी ६:०५

काका, तुम्ही भल्यासाठी सांगताय हे कळतं, पण कृपा करून नको. या आजारात कॉर्निया आधीच कमकुवत, त्यात निर्जंतुक नसलेलं काहीही घातलं आणि जखम चिघळली तर डोळा जाऊ शकतो. त्राटकानं दाब उतरत नाही. आणि आणखी एक, सगळ्यांसाठी: मेडिकलमधून परस्पर घेतलेले स्टिरॉइडचे थेंब दाब वाढवतात. लाली गेली म्हणून बरं वाटतं, आत डोळ्याची नस मरत असते.

साताऱ्याची_सून | १६ जून, रात्री १०:१०

मुलीचं ऐकून जीव भांड्यात पडला. अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न पोटात होता आणि कुणाला विचारलाच नव्हता.

हरिपूरच्या ताई, मी ६२ ची आहे. चौतीसाव्या वर्षी कळलं. तेव्हा आमच्याकडे पेशींचा फोटो काढायचं यंत्र नव्हतं, पुण्याला जावं लागलं. तोवर वर्षभर नुसता काचबिंदू म्हणून थेंब चालले होते. त्याआधी एके ठिकाणी लेझरनं आयरिसला छोटं छिद्र पाडलं, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. पुढे पुण्यात समजावलं की बाहुलीपाशी पाणी अडत असेल तर त्या छिद्रानं वाट मिळते, इथे मात्र कोपराच डिंकानं चिकटवल्यासारखा बंद.

१९९७ मध्ये पहिली शस्त्रक्रिया, ट्रॅबेक्युलेक्टोमी. पाण्याला नवी वाट करून देतात. चार वर्षं छान गेली. मग तो पापुद्रा त्या नव्या वाटेवरही चढला. मोरीच्या जाळीवर शेवाळ धरतं तसं. दुसऱ्यांदा केली, तीही अशीच. २००८ मध्ये बारीक नळी बसवली. तिच्यावर सोळा वर्षं दाब टिकून आहे. २०१४ मध्ये कॉर्नियाचा आतला थर बदलला, कुणाच्या तरी नेत्रदानातून. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. दर सर्वपित्रीला एक पान त्याच्या किंवा तिच्या नावानं वाढते.

आज त्या डोळ्यानं पेपरचा मथळा वाचता येतो, खालची बातमी नाही. जिना उतरताना आधार वाटतो. हे थोडकं वाटेल, पण ज्या डोळ्याची आशा सोडली होती तो आहे. तुमचं लवकर कळलंय. थेंबाची एकही वेळ चुकवू नका. आणि पेशंट फाइलचे कागद जपा. माझे २००५ च्या पुरात वाई जवळच्या माहेरी भिजून गेले, पुढे प्रत्येक डॉक्टरांना तोंडी सांगावं लागलं.

हरिपूरची_लेक | १७ जून, पहाटे ५:४५

काकू, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण भीतीनं नाही. कुणीतरी या वाटेनं पुढे गेलंय हे कळलं म्हणून. सगळे कागद आज स्कॅन करते.

मिरज_जंक्शन | १७ जून, दुपारी १:००

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये नेत्रविभाग आहे, सुरुवातीची तपासणी तिथे परवडते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारा, भरती झाल्यावर नको. नळीचं म्हणाल तर परदेशी व्हॉल्व्ह महाग पडतो, पण मदुराईची ऑरोलॅब आपल्याकडे नळी बनवते, ती बरीच स्वस्त. डोळ्याला कुठली योग्य ते डॉक्टर ठरवणार, पण विचारायला लाजू नका.

हरिपूरची_लेक | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

तीन महिन्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल राग मानू नका, बऱ्याच जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलं.

टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड एकत्र असलेले थेंब दिवसातून दोनदा चालू आहेत. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दमा आहे का, नाडी मंद आहे का, हे दोनदा विचारलं. दमा असेल तर टिमोलॉल चालत नाही, हे घरात दम्याचे पेशंट असलेल्यांनी लक्षात ठेवा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. सुरुवातीला तोंड कडू व्हायचं ते त्यानं थांबलं. धुक्यासाठी खारट पाण्याचे पाच टक्क्यांचे थेंब दिलेत. चुरचुरतात, पण निरांजनाभोवतीचं कडं पुष्कळ कमी झालंय.

दाब पहिल्या महिन्यात ३० वरून १९ वर आला. परवा २४ निघाला. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे ठिपका चमकला की बटण दाबायचं ते, उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला थोडी जागा काळी आली. तिथलं दिसत नाही हे मला जाणवलंसुद्धा नव्हतं. तिसरा थेंब वाढवलाय. सहा आठवड्यांत उतरला नाही तर मायटोमायसिन, म्हणजे नवी वाट बुजू नये म्हणून लावायचं औषध, लावून ट्रॅबेक्युलेक्टोमी करू म्हणाले. काकूंचा अनुभव मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, या आजारात नवी वाट बुजायचा धोका नेहमीपेक्षा जास्त आहेच, म्हणून नळीचा विचारही पहिल्यापासून डोक्यात ठेवायचा.

वर्गात मुलांना सांगून टाकलं. बाहुली अशी का, हे मुली टक लावून बघायच्या. आता नववीतली एक रोज मधल्या सुट्टीत विचारते, "बाई, आज सकाळी धुकं होतं?"

वारणाकाठ | २३ सप्टेंबर, सकाळी ८:००

ताई, उन्हाचा त्रास होतो का? माझ्या ओळखीत एकाला अपघातानं आयरिस फाटलाय, त्याला उन्हात डोळा उघडत नाही.

हरिपूरची_लेक | २३ सप्टेंबर, दुपारी ४:५०

थोडा होतो. माझ्या पडद्याला अजून आरपार भोक नाही. ज्यांना असतं त्यांना उजेड जास्त टोचतो, कधी एकाच्या दोन प्रतिमाही दिसतात. मध्ये छोटी बाहुली आणि भोवती रंगीत आयरिस छापलेली कॉन्टॅक्ट लेन्स मिळते, पण कॉर्निया सुजलेला असताना ती सोसेल का हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तुमच्या ओळखीच्यांनी विचारून बघावं.

तासगावचा_मळा | ३० सप्टेंबर, रात्री ८:४०

ताई, वहिनीचं सांगतो. छाटणीच्या घाईत राहून गेलं, परवा मिरजेला नेलं. सकाळच्या धुक्याचं विचारलं, तर तिला तसलं कायच न्हाई. पेशींचा फोटो काढला, तो दोन्ही डोळ्यांचा सारखाच, चांगला. म्हंजे तुमचा आजार न्हाई. मग ते आरशाचं भिंग लावलं आणि डॉक्टर म्हणाले, या डोळ्याला कधी मार बसला होता का? तवा तिला आठवलं. लग्नाच्या आधी, माहेरच्या बागंत मांडवाची तार तुटून डोळ्याला लागल्ती. आठ दिवस डोळा बांधला आणि विसरून गेली. वीस वर्षं झाली. त्या माराला आतला कोपरा फाटल्ता, बाहुली तवाचीच वाकडी. दाब २८ निघाला. थेंब चालू केलेत. आम्ही सगळी फवारणीवर ढकलून मोकळी झालो हुतो.

दृष्टिपटल | ३० सप्टेंबर, रात्री ९:२५

दादा, हे फार बरं केलंत. माराचा काचबिंदू असाच वर्षानुवर्षांनी येतो, आणि गोनिओस्कोपी केल्याशिवाय कळत नाही. वहिनींची फील्ड टेस्ट झाली का? नसेल तर पुढच्या खेपेला करून घ्या.

तासगावचा_मळा | ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

१२ तारखेला बोलावलंय.

हरिपूरची_लेक | ३० सप्टेंबर, रात्री १०:०५

दादा, माझीही दाबाची तपासणी १२ लाच आहे, सकाळी साडेसातला. वहिनींना म्हणावं, बाहेरच्या बाकावर भेटू.